बायपोलर आणि व्यसन एकत्र असेल तर उपचार कुठून सुरू करायचे?

पिंपळपान (धागाकर्ती)

बायपोलरवर (मन कधी अति तेजीत, म्हणजे मेनियात, तर कधी खोल नैराश्यात जाण्याच्या आजारावर) इथे पूर्वी चर्चा झाली आहे, दारूवरही भरपूर झाली आहे. दोन्ही एकाच माणसात असेल तर काय करायचं, यावर सलग काही सापडत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

घरच्यांची फरफट बहुतेक ठिकाणी सारखीच असते. मानसोपचाराच्या ओपीडीत सांगतात, ‘आधी दारू बंद करून आणा, पिणाऱ्याला गोळ्या लागू पडत नाहीत.’ व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, ‘आधी डोकं ताळ्यावर येऊ द्या, असा माणूस गटात बसू शकत नाही.’ केसपेपर या दारातून त्या दारात फिरत राहतो. तोवर पिणंही चालू असतं आणि आजारही वाढत असतो.

असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. अमेरिकेत १९८०च्या दशकात झालेल्या मोठ्या लोकसंख्या पाहणीचे आकडे १९९० साली प्रसिद्ध झाले. बायपोलर-१ (पूर्ण मेनिया येणारा प्रकार) असलेल्या सुमारे ६० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी व्यसनाचा विकार झालेला होता. सर्वसाधारण लोकांत ते प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडे निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) बायपोलरच्या सुमारे ७० टक्के आणि दारूच्या विकाराच्या सुमारे ८६ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

‘दुःख विसरायला पितो’ एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. मेनियात माणूस खुशीत असतो, रात्रभर जागा असतो, खिसा सैल असतो, संगत वाढते आणि धोका दिसत नाही. म्हणून पिणं वाढतं. नैराश्यात झोप लागावी म्हणून प्यायली जाते. दारूने पहिले दोन-तीन तास झोप लागते, पण उत्तररात्री ती तुटते. बायपोलरमध्ये तुटलेली झोप ही पुढच्या मेनियाची सुरुवात ठरू शकते. त्यात पिण्याच्या रात्री गोळी चुकते. शिवाय दोन्ही आजारांची अनुवंशिकता काही अंशी सामाईक आहे आणि उतावळेपणा दोन्हीकडे असतो.

माझं म्हणणं एवढंच: दोन्हींचे उपचार एकाच वेळी, एकाच केसपेपरवर सुरू व्हायला हवेत. आधी काय झालं, याचा शोध नंतर घेता येतो. निदान, औषधं, केंद्र आणि कायदा यांतल्या जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती.

तिसरा_प्रहर

मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत. निदानाबद्दल लिहितो.

एक आडवा कागद घ्या, मध्ये रेघ मारा आणि वयाच्या पंधराव्या वर्षापासून आजपर्यंतची वर्षं टाका. रेघेच्या वर मनाच्या अवस्था: झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खर्च, भांडणं, अचाट बेत. अशी अवस्था सलग ७ दिवस टिकली किंवा दाखल करावं लागलं तर मेनिया, किमान ४ दिवस टिकली आणि कामधंदा फार कोलमडला नाही तर हायपोमेनिया. दोन आठवडे किंवा जास्त उदासी, तीही वरच. रेघेखाली नशा: काय, किती, कधीपासून. तारखा आठवत नाहीत, त्यामुळे दिवाळी, लग्नं, पेरणी, बारावीचा निकाल अशा खुणांवर विचारा. बायको आणि आईला वेगवेगळं विचारा, कारण दोघींनी वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात.

आता त्या कागदावर कोरडे काळ शोधा. पाळलेला श्रावण, माळ घातली ते महिने, आखातातली नोकरी, पाय मोडून अंथरुणावर गेलेला काळ. नशा महिनाभर पूर्ण बंद असताना मेनिया आला असेल, किंवा व्यसन लागण्याआधी एखादा झटका येऊन गेला असेल, तर बायपोलर स्वतंत्र आहे असं मानायला भक्कम आधार मिळतो. रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार असेल तर तोही.

मात्र श्रावणाचे पहिले चार-पाच दिवस मोजू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, नाडी वाढते, झोप उडते. फिट यायचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. भ्रम होणं, अंगावर किडे दिसणं, वेळ-जागा न कळणं हे बहुधा ४८ ते ९६ तासांत. घरच्यांना हे सगळं ‘डोकं फिरलं’ असंच दिसतं. मेनियातला माणूस कितीही बडबडत असला तरी आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे बहुधा बरोबर सांगतो. वार, जागा, माणसं ओळखता येत नसतील आणि सोबत थरथर, ताप, घाम असेल तर तो तातडीचा आजार आहे. थेट रुग्णालयात न्या, केंद्रात नको.

तिथे एक गोष्ट आठवणीने सांगा. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ असं म्हणण्याआधी हा माणूस रोज पितो, हे डॉक्टरांना सांगा. ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा निदान सोबत थायमिन म्हणजे बी-१चं इंजेक्शन जायला हवं. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ संपत आलेलं असतं. ग्लुकोज जाळण्यात उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

निदान होईपर्यंत उपचार रोखून धरण्याबद्दल. नशेमुळे झालेला मनोविकार की स्वतंत्र आजार, हे ठरवायला साधारण महिनाभराची कोरडी मुदत धरतात. ती मुदत निदानाचं नाव ठरवण्यासाठी आहे. मेनिया दिसत असेल तर झोप आणणं आणि मेनिया उतरवणं पहिल्या दिवसापासून चालू करायचं. नैराश्याच्या गोळीची गोष्ट उलटी आहे. दारूमुळे आलेली बरीचशी उदासी दोन ते चार आठवडे कोरडे गेले की आपोआप उतरते. बायपोलर असेल आणि मूड स्टॅबिलायझर (मनाचे चढउतार आवरणारं औषध) न देता नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर मेनिया उसळू शकतो. अपवाद आत्महत्येच्या विचारांचा. ते असतील तर कसलीही वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

खलबत्ता

औषधांवर सविस्तर लिहितो. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, पण नेमकी गडबड कुठे होते ते घरच्यांना माहीत असलं तर पुष्कळ अनर्थ टळतात.

लिथियम. जॉन केड यांनी १९४९ साली ऑस्ट्रेलियात मेनियावर याचा उपयोग दाखवला. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत याच्याइतका पुरावा दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरजवळ नाही. पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी आहे. आजार स्थिर ठेवायला रक्तात साधारण ०.६ ते ०.८, तीव्र मेनियात १.०च्या आसपास, आणि १.५च्या वर विषबाधेचा प्रदेश. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी तपासणी, नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) व थायरॉइड सहा महिन्यांनी.

पिणाऱ्या माणसात लिथियमची पातळी अशी चढते: दोन दिवस पिणं झालं, उलट्या झाल्या, पोटात अन्न नाही, पाणी नाही. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. त्यात डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणलं की पातळी आणखी चढते. बीपीच्या काही गोळ्याही हेच करतात: हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या, तसंच ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ने शेवट होणाऱ्या नावांच्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरं, पण रोज पिणाऱ्याने तेही दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवावं, यकृतासाठी.

व्हॅल्प्रोएट. २००५ साली अमेरिकेत पिट्सबर्गला ५९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास या विषयात महत्त्वाचा आहे. सगळ्यांना बायपोलर आणि दारूचं व्यसन होतं, सगळ्यांना नेहमीचे उपचार चालू होते. निम्म्यांना वर व्हॅल्प्रोएट दिलं, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. २४ आठवड्यांत व्हॅल्प्रोएटवाल्यांचे जोरात पिण्याचे दिवस कमी झाले. अभ्यास लहान आहे, पण दोन्ही आजार असलेले लोक मुद्दाम घेऊन केलेले असे अभ्यासच मोजके आहेत. व्हॅल्प्रोएट चालू करण्याआधी यकृताच्या तपासण्या आणि प्लेटलेट बघायचे. यकृत आधीच खराब असेल तर दुसरा पर्याय. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो हे औषध देत नाहीत, गर्भाच्या मणक्यावर आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

लॅमोट्रिजिन. नैराश्याकडे झुकणाऱ्या बायपोलरमध्ये चांगलं. सुरुवात हळू: २५ मिग्रॅ दोन आठवडे, मग ५० मिग्रॅ दोन आठवडे, मग पुढे. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर याच्या निम्म्याने. इथे व्यसनाचा थेट संबंध येतो. पिण्याच्या नादात चार-पाच दिवस किंवा जास्त गोळ्या बुडाल्या तर २०० मिग्रॅवर परत उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून पहिल्यापासून चढवायचं. नाहीतर अंगावर पुरळ येऊन कातडी आणि तोंडातली त्वचा सोलवटण्याची जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते. ‘राहिलेल्या गोळ्या आहेत घरात, त्याच चालू करू’ हे लॅमोट्रिजिनबाबत अजिबात करू नका.

कार्बामाझेपिन. हे यकृतातल्या एन्झाइमांचा वेग वाढवतं, त्यामुळे इतर औषधांचा असर उतरतो. ब्राउन शुगर सोडण्यासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्याला कार्बामाझेपिन सुरू केलं की त्याला विथड्रॉवल (नशा तुटल्यावरचा त्रास) जाणवू शकतं. तो गोळी वाढवून मागतो आणि सगळ्यांना वाटतं, बहाणे करतोय.

आता दारूची ओढ कमी करणारी औषधं. नाल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅ दिवसातून एकदा, यकृत तपासून. अफूजन्य काही चालू असेल तर ते ७ ते १० दिवस पूर्ण बंद हवं, नाहीतर क्षणात तीव्र विथड्रॉवल. ‘अफूजन्य’मध्ये ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल आणि कोडीनचं खोकल्याचं औषधही आलं, हे पेशंट सांगत नाहीत कारण त्यांना ती नशा वाटतच नाही. अकॅम्प्रोसेट ३३३ मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा. हे यकृतावर भार टाकत नाही, मूत्रपिंडावाटे जातं, म्हणून लिथियमवाल्याचं क्रिएटिनिन बघून. बॅक्लोफेन काहींना उपयोगी पडतं, पण त्याने मेनिया उसळल्याच्या नोंदी आहेत आणि ते अचानक बंद करता येत नाही.

डायसल्फिरामवर कुणीतरी स्वतंत्र लिहा, तो विषय मोठा आहे.

शेतबांध

उत्तम माहिती. एक विचारायचं होतं. विडी-सिगारेट ओढणारा पेशंट केंद्रात गेला की तिथे विडी बंद. ओलान्झापिनचा (मेनियावरच्या गोळीचा) डोस तोच असतो, तरी आठवड्याभरात दिवसभर पेंगायला लागतो. बाहेर आला की पुन्हा रात्र-रात्र जागा. हे कशाने?

खलबत्ता

@शेतबांध, धुराने. तंबाखूच्या धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त काम करतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन लवकर निचरतात. विडी बंद झाली की साधारण आठवड्याभरात ते एन्झाइम मूळपदावर येतं, त्याच डोसची पातळी रक्तात वाढते आणि माणूस पेंगतो. क्लोझापिनमध्ये तर ही वाढ धोक्याची ठरू शकते. बाहेर येऊन ओढायला लागला की पातळी पुन्हा खाली.

हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून तंबाखू मळणाऱ्याला, गुटखा किंवा मिश्रीवाल्याला हा फरक पडत नाही, आणि निकोटिनच्या च्युइंगगमनेही पडत नाही. दाखल करताना ‘तंबाखू: आहे’ असं लिहून भागत नाही. ओढतो की खातो आणि रोज किती, हे लिहायला हवं. सोडताना आणि परत ओढू लागल्यावर, दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवा.

विडी सोडवायला ब्युप्रोपिऑन देतात, ते मुळात नैराश्याचं औषध आहे. बायपोलरमध्ये जपून, आणि फिट येऊन गेलेल्याला नाहीच. विडी सोडवायचंच दुसरं औषध व्हॅरेनिक्लिन, त्याबद्दल पूर्वी बरीच भीती होती. २०१६च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बायपोलरसह मनोविकार असलेले लोकही घेतले होते, त्यांच्यात बिनऔषधी गोळीच्या तुलनेत मानसिक त्रास लक्षणीय वाढला नाही.

पिंपळपान

डायसल्फिरामवर मी लिहिते, कारण यात घरच्यांकडून सगळ्यात जास्त चूक होते.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पावडर किंवा ओळखीने मिळालेली गोळी आमटीत, चहात कालवून देतात. त्या पुडीत बऱ्याचदा काय आहे तेच लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर दारूचं शरीरात पुढे विघटन होत नाही, मधला विषारी पदार्थ साचतो. चेहरा लालबुंद, छाती धडधडणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं. हृदय कमकुवत असेल तर जीवावर बेततं. माणसाला माहीतच नसेल तर तो प्यायचं थांबणार कशाला? गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही रिअॅक्शन येऊ शकते.

बायपोलरमध्ये याला दुसरा पदर आहे. डायसल्फिराम मेंदूत डोपामिनचं नॉरअॅड्रेनॅलिनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम रोखतं. डोपामिन वाढतं आणि काहींना भास, संशय, मेनिया सुरू होतो. घरच्यांनी गुपचूप दिलेलं असतं, ते डॉक्टरांना सांगायला लाजतात, आणि डॉक्टर मेनियाचं कारण दुसरीकडे शोधत बसतात.

हे औषध वाईट नाही. मन स्थिर असलेल्या, दारू सोडायचीच आहे असं स्वतः म्हणणाऱ्या माणसाला, लेखी संमतीने, शेवटच्या पिण्यानंतर निदान २४ तासांनी आणि घरातल्या एकाच्या देखरेखीखाली दिलं तर काम करतं. त्यालाही सांगायचं की खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं आणि काही माउथवॉश यांत अल्कोहोल असतं.

सांजवेळ_४२

गोळ्यांबद्दल एवढं सगळं वाचलं. पण दारू सोडणाऱ्यांच्या गटातले बरेच जुने लोक सांगतात की झोपेच्या गोळ्या आणि डोक्याच्या गोळ्या या पण नशाच आहेत, एक सुटली आणि दुसरी धरली. त्यात तथ्य नाही का?

तिसरा_प्रहर

@सांजवेळ_४२, यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम यांची सवय लागते, हे खरं आहे. दारूच्या विथड्रॉवलमध्ये क्लोरडायझेपॉक्साइड (यकृत खराब असेल तर लोराझेपाम) द्यावंच लागतं, पण ते ५ ते १० दिवसांत उतरवत बंद करायचं. डिस्चार्जच्या चिठ्ठीवर ती गोळी आली असेल तर ‘कधी बंद करायची?’ हे विचारून तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. तारीख नसली की त्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या आणल्या जातात. आणि या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिनची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, मेडिकलवाल्याकडे कुणी त्यासाठी भांडत नाही. मधुमेहाच्या गोळीसारखी ती चालू ठेवायची असतात. लिथियम अचानक थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत मेनिया उलटायचा धोका वाढतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या स्वतःच्या साहित्यात स्पष्ट म्हटलं आहे की कुठल्याही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये. गटात कुणी गोळ्या सोडायला सांगितलं तर ते त्याचं व्यक्तिगत मत. गट सोडू नका, गोळ्याही सोडू नका.

पिंपळपान

यालाच जोडून. अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयात रॉजर वाइस यांनी बायपोलर आणि व्यसन दोन्ही असलेल्यांसाठी वेगळी गटोपचार पद्धत बसवली. २००७ साली नेहमीच्या व्यसनमुक्ती गटाशी तिची तुलना प्रसिद्ध झाली आणि तिच्यातल्या लोकांचे नशेचे दिवस कमी निघाले. दोन आजार वेगळे न मानता एकच समजायचा, हे तिचं सूत्र. नियमही एकच: काहीही झालं तरी प्यायचं नाही, नशा करायची नाही, गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्यायच्या. प्रत्येक बैठकीत आठवड्याभराची झोप, मूड, नशा आणि गोळ्या सगळ्यांची विचारणा होते.

ही विचारणा आपल्याकडे कुठलाही समुपदेशक करू शकतो. घरी एक दोनशे पानी वही करा. रोज एक ओळ: झोपेचे तास, मूड (उणे ३ ते अधिक ३), गोळ्या घेतल्या का, काय प्यायलं आणि किती मिली, किती पैसे गेले. ‘थोडीशी’ लिहायचं नाही, मिलीच लिहायचे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. क्वार्टरमध्ये असे सहा भाग. ‘फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याची ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे चार भाग. हे गणित मांडलं की स्वतः पेशंटही चकित होतो.

या वहीत बघायचं काय? सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी दिवसा थकवा नाही, ही ओळ दिसली की प्यायलेला असो-नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. खर्च आणि बोलणं वाढायच्या आधी बहुधा झोपच घटते. रात्रपाळी असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन दिवसपाळी मागावी. मन स्थिर असतानाच त्याच्या संमतीने यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणून ठेवावी आणि क्रेडिट कार्ड घरातल्या दुसऱ्याकडे द्यावं.

शेतबांध

गांजा आणि भांग? आणि मोबाइलवरची रमी? दोन्ही आमच्या तालुक्यात जोरात आहे.

तिसरा_प्रहर

गांजा ‘नैसर्गिक आहे, डोकं शांत होतं’ म्हणून घेतला जातो. बायपोलरमध्ये तो मेनियाची लक्षणं वाढवतो, भास-संशय आणतो आणि आजार लांबवतो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविषयक कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांग परवान्याने विकतात. कायद्यात वेगळी असली तरी मेंदूवर काम करणारा घटक तोच. खाल्लेली भांग अर्ध्या ते दोन तासांनी चढते, तोवर माणूस आणखी घेतो. शिवरात्र आणि होळीच्या आधीच्या फॉलोअपमध्ये हे आठवणीने बोलावं.

रमीबाबत आधी हे पाहा की खेळणं फक्त तेजीच्या काळात आहे का. तसं असेल तर मेनिया उतरला की तेही उतरतं. एरवीही चालू असेल तर ते स्वतंत्र व्यसन, त्यावर वेगळं काम. आणखी एक, आरिपिप्राझोल (मेनियावरचं एक औषध) घेणाऱ्यांत क्वचित जुगाराची, खरेदीची अनावर ओढ निर्माण होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तसा इशारा दिला. गोळी सुरू झाल्यावर नव्याने रमी लागली असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ती ओढ बहुधा थांबते.

ओसरी

कायदा आणि केंद्र निवडण्याबद्दल लिहिते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या मनोविकाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. साखळदंडाने बांधणं कलम ९५ खाली निषिद्ध. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. त्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. कमाल मुदत ३० दिवस. ‘सहा महिन्यांचं पॅकेज, भेटायचं नाही’ हे यात कुठेच बसत नाही. मन स्थिर असताना कलम ५ची आगाऊ सूचना लिहून ठेवा: कोणती औषधं चालतात, कोणती नकोत, प्रतिनिधी कोण. मेडिक्लेमबाबत कलम २१(४) म्हणतं की मनोविकाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळायला हवा. नकार आला तर कारण लेखी मागा.

केंद्राला फोनवर विचारायचे प्रश्न: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? आधीच्या गोळ्या चालू ठेवता की बंद करता? लिथियमची पातळी कुठे तपासता? रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? ‘आमच्याकडे गोळ्या देत नाही, फक्त योग आणि प्रार्थना’ असं उत्तर आलं तर बायपोलरवाल्याला तिथे ठेवू नका. योग-प्रार्थना असू द्या, पण गोळ्या हव्यातच.

सरकारीत येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून आहे. फोनवर टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत. व्यसनासाठी १४४४६. दोन्ही मोफत.

सांजवेळ_४२

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं एक. लिथियम चालू आहे, पिणं बंद आहे असं तो म्हणतो, पण तोल जातोय, जीभ जड झाली आहे. प्यायलाय की आजार, हे घरी कसं ओळखायचं?

खलबत्ता

@सांजवेळ_४२, हे बरं विचारलंत. लिथियमची विषबाधा हुबेहूब प्यायल्यासारखी दिसते. जीभ अडखळते, चाल झोकांडते, उलटी होते, झापड येते. ‘पुन्हा प्यायला’ म्हणून घरचे खोलीत झोपवून ठेवतात आणि दरम्यान मूत्रपिंड आणि मेंदूला इजा होते.

फरक असा बघा. हात पुढे ताणून बोटं पसरायला सांगा. लिथियमवर बोटांची बारीक थरथर नेहमीच असू शकते. ती ठळक होऊन मनगटापर्यंत हात उडायला लागला, पेला धरता येईना, मांडीला झटके येऊ लागले, तर विषबाधेचा संशय घ्यायचा. जुलाब सोबत असतील तर जास्तच. दारू काही तासांत उतरते, हे वाढत जातं. वास येतोय म्हणून विषबाधा नाही असंही नाही, दोन्ही एकदम असू शकतं.

घरी करायचं ते एवढंच: पुढची लिथियमची गोळी द्यायची नाही, शुद्धीत असेल तर पाणी द्यायचं, दुखण्याची गोळी द्यायची नाही, आणि त्याच दिवशी रुग्णालयात. झापड वाढत असेल तर तोंडाने काहीच न देता कुशीवर झोपवून रुग्णवाहिका बोलवा, १०८. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, किती उरल्यात त्यावरून जास्त घेतल्या का ते कळतं. यासाठीच, आणि मनात मरणाचे विचार येऊन गेले असतील तर नक्कीच, घरात एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या ठेवा आणि त्या दुसऱ्याच्या ताब्यात असू द्या.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये, वारीत, निर्जळी उपासात, रोज्यात हा धोका वाढतो. उपासाआधी डॉक्टरांशी बोला. बीपीसाठी अचानक मीठ बंद करणंही लिथियमवर चालत नाही.

आणि लॅबसाठी एक सूचना, कारण लहान गावांत हे होतं. रक्त साध्या, लाल झाकणाच्या नळीत घ्यायला सांगा. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं. त्यात घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि रिपोर्ट खोटाच जास्त येतो, कधी २च्याही वर. पेशंट ठणठणीत आणि आकडा भयानक असा रिपोर्ट हाती आला तर घाबरून औषध कायमचं बंद करू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि लाल झाकणाच्या नळीत पुन्हा तपासून घ्या.